हडंबा पाण्यावरून नेला

सोयाबीन मळायच्या मशीनला आमच्याकडे हडंबा म्हणतात. लोखंडाचं मोठं धूड असतं ते. वरून वाळलेली झाडं टाकायची, बाजूनं दाणे पडतात, मागून कुटार, म्हणजे भुसा, उडतं. ट्रॅक्टरच्या मागं लावला की रस्त्यारस्त्यानं हा हडंबा पार बीबी गावापर्यंत फिरून येतो. पण आमच्या धरणाच्या पलीकडच्या काठाला तो रस्त्यानं जात नाही. तिथं त्याला नावेनं ओढून न्यावं लागतं. या पाण्यावर ते काम आम्ही दोघं नवरा-बायको करायचो. आता ती नाही. वैशाखात गेली. ती गेल्यावरचा पहिला हडंबा कसा नेला ते सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंतची, गोड लिहिणं जमणार नाही. झालं तसं सांगतो.

आम्ही भोई. माझा बाप पैनगंगेच्या उतारावर डोंगा चालवायचा. पावसाळ्यात बाजाराची माणसं, बाळंतीण, शाळेचे मास्तर, सगळे त्याच्या डोंग्यातून जायचे. नंतर धरण झालं. नदी पसरली, उतार बुडाला, माझ्या सासरचं गाव बुडालं. गावातली माणसं वर नव्या जागी गेली, पण काहींची वरच्या अंगाची शेतं पाण्याबाहेर राहिली. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर, अशी जिभेसारखी जमीन आहे ती. डोंगरातून एक वाट येते. त्या वाटेनं नुसता ट्रॅक्टर कसाबसा उतरतो. मागं हडंबा लावला की वळणावर उलटतो. एकदा उलटलाही आहे. म्हणून ट्रॅक्टर डोंगरातून आणि हडंबा पाण्यावरून, असा आमच्याकडचा रिवाज पडला.

माझी नाव लोखंडी पत्र्याची आहे. तिला विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं आहे आणि मागं पाण्यात पंखा. आधी मासेमारीसाठीच होती. मग आम्ही निळ्या ड्रमांवर अँगल आणि फळ्या ठोकून तराफा केला. नाव पुढं, मागं लांब दोर, दोराला तराफा. तराफ्यावर कधी हडंबा, कधी बैलजोडी, कधी सोयाबीनची पोती. एकदा एका लग्नाचा सगळा आहेर नेला होता, पलंगासकट.

आता यात गोष्ट अशी आहे की नाव चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. इंजिन पुढं आणि आडवं, नजर समोर ठेवावी लागते. आणि फटफट फटफट असा आवाज असतो की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. तराफा मागं काय करतो आहे ते त्याला कळत नाही. तराफा तर हट्टी बैलासारखा असतो. वारा बाजूनं आला की तिरका चालतो. दोर एका अंगानं ओढला गेला की नावेचं बूड खेचतो. आणि इंजिन एकदम बंद केलं तर थांबत नाही, मागून येऊन नावेलाच धडक देतो. म्हणून तराफ्याच्या मागच्या टोकाला एक माणूस लागतो. त्याच्या हातात मोठं वल्हं, त्यानं तराफा सरळ ठेवायचा. आणि त्याचा गळा चांगला पाहिजे. ढील पाहिजे असली तर ढील म्हणून ओरडायचं, ताण पाहिजे असला तर ताण. डावं, उजवं, सगळं त्यानं सांगायचं आणि नावेवाल्यानं निमूट ऐकायचं.

हे मागचं काम माझी बायको करायची. तिच्या माहेरचंच पाणी होतं ते. दोन्ही काठांना तिचा आवाज जायचा. लोक म्हणायचे, बुढ्याच्या इंजिनापेक्षा बुढीचं इंजिन जोरात आहे. आणि ती नुसतं ढील-ताण म्हणायची नाही. 'मेल्या, डोळे विकले काय?' 'तुले नाव कोन देल्ली?' 'म्हसरं वळायची तुझी लायकी!' असं सगळं पाण्यावरून ऐकू जायचं. काठावर उतरली की डोक्यावर पदर घेऊन माझ्या मागून चालायची. मी एकदा म्हटलं, लोकात इज्जत ठेवत जा. तर म्हणाली, "इज्जत पाहिजे तं काठावर बस. पाण्यावर मले मशीन सांभाळाची हाय का तुझी इज्जत?"

वैशाखात एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. गाडी करून बुलडाण्याला न्यायला निघालो, वाटेतच ती गेली. माझ्या मांडीवर डोकं होतं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

घरात मग मी आणि सून. पोरगा कंपनीत आहे, संभाजीनगरला. सणाला येतो. त्याला पाण्याची भीती वाटते. भोयाचा पोरगा असून नावेत बसला की आईचा पदर धरायचा, मोठा झाला तरी. सून मात्र धीट आहे. सासूनं तिला दोन हंगाम आपल्यासोबत तराफ्यावर नेलं होतं, वल्हं हातात दिलं होतं. पण आमच्यात सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही. मोठ्यानं तर नाहीच. माझ्या सुनेचं आठ-दहा वर्षांत माझ्याशी जे काही बोलणं झालं ते सगळं सासूमार्फत. 'मामाजीले म्हना, पानी तापलं.' 'मामाजीले इचारा, बाजारात जाता का.' मी तीन हातांवर बसलेलो असायचो, मला सगळं ऐकू यायचं. तरी बायको पुन्हा सांगायची, 'अवं, पानी तापलं म्हन्ते.' आणि मी बायकोला म्हणायचो, 'येतो म्हना.'

बायको गेली आणि मधला माणूसच गेला. घरात दोन माणसं आणि बोलायला कोणी नाही. काही दिवस सुनेनं ताट ठेवून भांड्याचा आवाज करून पाहिला. मग तिनं आमच्या बकरीला मधे घेतलं. बकरी अंगणात बांधलेली असायची.

"बकरे, भाकर झाली म्हना."

मीही मग बकरीला म्हणायचो, "बकरे, मले भूक नाही म्हना."

"बकरे, कालबी नव्हती म्हना. असं कसं चालीन म्हना."

बकरी दोघांकडं पाहून रवंथ करायची. हसू नका. घर त्या बकरीवर चाललं होतं.

नाव मी काठावर पालथी घातली होती. तराफा वर ओढून ठेवला होता. मी ठरवलं होतं, आता हे काम नाही. दोन माणसांचं काम आहे, एक गेलं, झालं. बीबीहून एक जण ड्रम मागायला आला. घरी पाणी भरून ठेवायला त्याला निळे ड्रम हवे होते. मी तराफा सोडायला पाना शोधत होतो, तेवढ्यात सून दारात आली आणि त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, ड्रम भोकाचे हायत. पानी राह्यत नाही त्यात." तो निघून गेला. मी तिच्याकडं पाहिलं. ती बकरीला पाला टाकायला लागली. ड्रमांना एकही भोक नव्हतं.

मग सोयाबीन निघालं. पलीकडच्या काठावर माझ्या साळ्याचं शेत आहे, बायकोच्या धाकट्या भावाचं. तो आणि त्याची बायको तिथंच खोपी करून राहतात हंगामभर. त्यानं सगळं सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, एका जागी ढीग लावून सुडी रचून ठेवली होती. वर ताडपत्री होती, पण फाटकी. एका सकाळी त्याचा फोन आला.

"भाऊजी, आभाळ पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"मेहकरकडून काळंशार येऊन राह्यलं. उद्या-परवा पानी येते म्हन्तात. सुडी भिजली तं कोंब येतीन. वर्षाचं पीक हाय माझं."

"हडंबा आन मंग."

"कसा आनू? डोक्यावर? ट्रॅक्टर आला हाय डोंगरातून, कालपासून उभा हाय. हडंबेवालाबी तयार हाय तुमच्या काठाले यायले. नाव नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आक्का असती तं कालच आला असता हडंबा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मला राग आला. साळ्याचा नाही. त्यानं खरंच सांगितलं होतं. मी ओट्यावर बसून राहिलो. सून अंगण झाडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, मोबाईलचा आवाज मोठाच असतो माझ्या. झाडता झाडता ती थांबली आणि बकरीजवळ गेली.

"बकरे," ती म्हणाली, "मामाजीले सांग, मांगचं वल्हं मी धरीन म्हना."

मी म्हणालो, "बकरे, तिले सांग, नुसतं वल्हं धरून होत नाही. वरडा लागते."

सुनेनं झाडू ठेवला आणि दोरखंड काढायला कोठीत गेली.

दुपारपर्यंत नाव पाण्यात टाकली. इंजिन पाच महिने बंद, तरी हँडल मारल्यावर खोकत खोकत चालू झालं. हडंबेवाला आला. रस्त्याकाठच्या गावचा, जाडजूड माणूस, पोहण्याशी त्याचा कधी संबंध आलेला नाही. फळ्या लावून, सगळ्यांनी हात लावून हडंबा तराफ्यावर चढवला, चाकांना दगड लावले, साखळीनं बांधला. तराफा पाण्यात बसला तसा तो माणूस घाबरला.

"बाबा, हा हडंबा पान्यात गेला तं मीबी त्याच्या मांगं उडी मारीन, सांगून ठेवतो."

"पोहता येते काय?"

"नाही."

"मंग उडी मारून काय फायदा? हडंबा तं वर येनार नाही."

"पन मले वाटीन ना, म्या काही तरी केलं म्हनून."

"तू इथंच बस काठावर."

"नाही बाप्पा. माझी मशीन जाते तिकडं मी जातो."

तो तराफ्यावर चढला आणि हडंब्याच्या चाकाला मिठी मारून बसला. सून मागच्या टोकाला उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात वल्हं, पायाशी लांब बांबू. मी एकदाच मागं पाहिलं. तिथं माझी बायको उभी राहायची, पाय फाकवून. पोरगी दोन्ही पाय जवळ घेऊन उभी होती, दारात कुणी आलं की उभी राहते तशी. मला बरं वाटलं नाही. पण नाव सोडली.

अर्धं पाणी चांगलं गेलं. ऊन होतं, पाणी सपाट होतं. मग मेहकरच्या बाजूनं वारा सुटला. हडंबा उंच, त्याच्या पत्र्यावर वारा बसला आणि तराफा तिरका चालायला लागला. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की नाव जड झाली. मी इंजिन वाढवलं. वाढवायचं नव्हतं, कमी करून नावेचं तोंड वाऱ्याकडं घ्यायचं होतं. मागच्या माणसानं ते ओरडून सांगायचं असतं.

सुनेनं सांगितलं. पण कोणाला? तिनं ते हडंबेवाल्याला सांगितलं, हळू आवाजात, जसं ती सासूला सांगायची तसं. "भाऊ, त्याहीले म्हना इंजिन हळूहळू कमी करा अन् तोंड वाऱ्याकडं घ्या." इथं पाण्यावर, वारा सुटलेला, सासरा पुढं बहिऱ्यासारखा बसलेला, आणि तिनं मधे माणूस घेतला! सासऱ्यावर ओरडणं तिच्या जिवावर आलं होतं. आणि माणूस घेतला तो कोण, तर ज्यानं जन्मात नाव पाहिली नाही. त्या गड्यानं मान वर केली आणि जीव खाऊन ओरडला:

"बाबा! ब्रेक मारा! ब्रेक!"

मला वाटलं काही तरी मोठं झालं. मी इंजिन एकदम बंद केलं. मागं वळून पाहिलं तर तराफा, त्याच्यावर हडंबा, सगळं धूड माझ्यावर चालून येत होतं. नावेला ब्रेक नसतो, तराफ्याला तर अजिबातच नसतो. बाजूला व्हायला म्हणून मी पुन्हा हँडल मारलं, इंजिन पेटलं, नाव सटकली. तराफा बाजूनं घासून गेला. पण मधला दोर तोवर ढिला होऊन पाण्यात बुडाला होता. तो नावेखाली गेला आणि पंख्याला गुंडाळला. खट् असा आवाज झाला आणि इंजिन मेलं.

आता नाव मेलेली, तराफा मोकळा, दोर पंख्यात, आणि वारा दोघांना ढकलत चाललेला. कुठं? तर जुन्या गावाच्या बाजूला. तिथं पाणी उथळ आहे आणि बुडालेल्या बाभळींची खोडं अजून उभी आहेत, काही दिसतात, काही दिसत नाहीत. पावसाळ्यात माझी दोन जाळी तिथं फाटली आहेत. तराफ्याचे ड्रम त्या खोडांवर गेले असते तर फुटले असते, आणि हडंबा साळ्याच्या सोयाबीनसकट बुडाला असता. सोयाबीन पाण्यात नव्हतं, पण हडंबा गेला की तेही गेलंच.

मी नावेच्या मागच्या टोकाला पालथा झोपलो, दोन्ही हात पाण्यात घालून दोराचे वेढे सोडवायला लागलो. सुटेना. तराफा वाऱ्यानं पळत होता आणि दोर ताणत होता, वेढे आणखीनच घट्ट बसत होते. मी ओढतो, तोही ओढतो. बोटं सोलली.

तेवढ्यात बाईमाणसाचा आवाज आला.

"मामाजी!"

खरं सांगतो, तो आवाज कोणाचा हे मला कळलंच नाही. मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"मामाजी, दोर ओढू नका! तराफा मी दाबला हाय, नाव इकडं येऊ द्या! दोर आपोआप ढिला व्हईन!"

मी ओढतच राहिलो. हाताला ओढायची सवय असते, ऐकायची नसते.

मग ती ओरडली, आणि असं ओरडली की काठावरच्या टिटव्या उडाल्या.

"अहो बुढेबा! कान फुटले काय? मुंडकं वर काढा आधी!"

मी मुंडकं वर काढलं. तराफ्यावर ती उभी होती. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, केस उडत होते, पाय चांगले फाकवलेले. लांब बांबू तिनं पाण्यात तळाला रोवला होता, खाली जुन्या गावाची जमीन होती ना, आणि सगळं अंग त्यावर टाकून तराफा जागच्या जागी धरला होता. बांबू धनुष्यासारखा वाकला होता. हडंबेवाला चाकाला मिठी मारून डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. आता मधे बोलायला कोणी उरलं नव्हतं.

"पाहून काय राह्यले? नाव येऊन राह्यली पाहा! आता सोडवा! लवकर, बांबू मोडते माझा!"

खरंच नाव वाऱ्यानं तराफ्याकडं सरकत होती. हलकी होती, तराफा धरलेला होता. दोराचा ताण गेला. मी हात घातला आणि वेढे एकापाठोपाठ एक सुटले, जसं काही कोणी बांधलेच नव्हते.

"सुटलं!" मी म्हणालो.

"मंग चालू करा! का मी येऊन करू?"

मी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फटफट सुरू झालं. दोर हळूहळू ताणला.

"तोंड वाऱ्याकडं! वाऱ्याकडं म्हन्लं ना मी! अजून! बस. आता हळू. हळू म्हन्लं!"

तराफा बांबूवरून सुटला, नावेच्या मागं आला आणि सरळ झाला. खोडं आमच्या डाव्या हाताला राहिली, जवळून गेली, एका खोडावर कासव बसलेलं होतं तेही मला दिसलं. हडंबेवाल्यानं डोळे उघडले.

"झालं का, बाई?"

"तुम्ही डोळे मिटा, भाऊ. तुमचं तेच काम बरं हाय."

तिथून पलीकडचा काठ येईपर्यंत ती बोलायची थांबली नाही. ढील. ताणा. डावं घ्या. इतकं नाही. मामाजी, पुढं पाहा, मांगं मी हाय. आणि मी ऐकत गेलो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी तरी काही तरी सांगत होतं आणि मला ते करायचं होतं. डोळ्याला पाणी आलं ते वाऱ्यामुळं आलं असं मी तेव्हा म्हणालो असतो. आता म्हणत नाही.

साळा कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभा होता. दोर पकडला त्यानं, पण बांधायचं विसरला.

"भाऊजी," तो म्हणाला, "कोन वरडून राह्यलं व्हतं? मी खोपीत व्हतो. मले वाटलं..."

तो रुमालानं तोंड पुसत राहिला. म्हातारा झाला आहे तोही.

"तुझी आक्का नाही," मी म्हणालो. "तिची सून हाय. तोंडानं तिच्याहून खराब."

सून तोवर हडंब्याच्या आड गेली होती. पदर पुन्हा डोक्यावर. पण हसत होती, मी पाहिलं. साळा म्हणाला, "पोरी, बुढ्याले अजून चार गोष्टी आइकवल्या असत्या तं बरं झालं असतं. कालपासून वाट पाहून राह्यलो व्हतो याची."

"आइकवीन ना, मामा," ती म्हणाली. "वापस जायचं हाय अजून."

हडंबा उतरवला. ट्रॅक्टर जोडला. सुडीवरची ताडपत्री काढली आणि हडंबा सुरू झाला, तो आवाज तर आमच्या इंजिनाचा बाप. साळा आणि त्याची बायको पेंढ्या उचलून देत होते, सून वर उभी राहून हडंब्याच्या तोंडात टाकत होती, हडंबेवाला आता एकदम शूर झाला होता, सगळ्यांना हुकूम सोडत होता. मी पोती धरली. पिवळे दाणे पडायला लागले, टणटणीत, एकाही दाण्याला कोंब नाही. साळ्यानं ओंजळ भरून नाकाला लावली. माझ्याही नाकाला लावली.

"कोरडं हाय," तो म्हणाला. "भाऊजी, एकदम कोरडं."

आभाळ डोक्यावर आलं होतं. सूर्य बुडायच्या आत सुडी संपवायची होती आणि ती अजून कमरेएवढी होती. सगळे कुटाराच्या धुळीनं पिवळे झालेले. थांबलं कोणी नाही. मधेच सून खाली उतरली, पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर आली, समोर म्हणजे अगदी समोर, आणि म्हणाली, "मामाजी, पानी प्या. अन् बसा थोडं. तुम्ही पडले तं आता तुमालेबी तराफ्यावर ओढून न्यावं लागीन."

मी पाणी प्यायलो. बसलो नाही.

बायकोचं दुःख गेलं असं मी म्हणत नाही. ते कुठं जायचं आहे. त्या दिवशीही पोतं धरताना दोनदा मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. पण तो दिवस आमचा होता, हेही मी खोटं सांगणार नाही. हरायला तयार होऊन बसलो होतो आणि जिंकलो.

शेवटची पेंढी हडंब्यात गेली. साळ्याची बायको जमीन झाडून राहिलेले दाणेसुद्धा सुपात गोळा करायला लागली. पोती फळ्यांवर रचली, वर दोन ताडपत्र्या टाकल्या, माझ्या नावेचा दोर काढून चारही बाजूंनी आवळल्या. भोयाची गाठ मारली. ती कोणत्याच पावसाला सुटत नाही. मी शेवटची गाठ ओढतो आहे तोच पहिला थेंब हातावर पडला. मग दुसरा, ताडपत्रीवर, टप् करून. हडंबेवाला ओरडत खोपीकडं पळाला. साळा पोत्यांजवळ उभाच राहिला, भिजत, त्याला आत जायचं भानच नव्हतं.

मी वर पाहिलं.

"पड बे आता," मी म्हणालो. "किती पडायचं ते पड."